मळीची वाट

घोडसगावचा साखर कारखाना चालू असला की त्या बाजूने जाणाऱ्याला वासावरूनच कळते. उसाचा गोड, थोडा जळका, थोडा आंबूस वास. मुक्ताईनगर तालुक्यातल्या या कारखान्याचा पाया सहकारी. पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ या काळात इथून, म्हणजे तेव्हाच्या एदलाबाद मतदारसंघातून, निवडून येत. संत मुक्ताबाई सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. सहकारी व्यवस्था टिकली नाही, आज कारखाना खासगी आहे. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, दिवाळी उलटली की गव्हाणीत मोळी पडते. साखर पोत्यांत भरून जाते, बगॅस बॉयलरमध्ये जळते, आणि मागे उरते काळी, चिकट, जडशीळ मळी. ती टाकीत साठते आणि टँकरने निघून जाते.

या मळीचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय. त्यातली काही वाट इंधनाकडे जाते, काही देशी दारूकडे, आणि एक वाट जगभर ‘रम’ या नावाने ओळखली जाते.

मुक्ताईच्या गावाचा संदर्भ धरून दारूवर लिहिणे काहींना खटकेल, हे मी जाणतो. कोथळीहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी एक आहे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर स्नानाला येणारी माणसे माळकरी आहेत. त्या माळेचा मान राखूनच लिहितो आहे. कोणी प्यावी असे मला सुचवायचे नाही. पण ज्या तालुक्याच्या शेतात ऊस उभा राहतो, तिथल्या माणसाला उसाच्या सगळ्या अवतारांची माहिती असावी, असे मला मनापासून वाटते. साखरेचा भाव आपण रोज वाचतो. मळीबद्दल मात्र आपण काहीच बोलत नाही, आणि जे बोलतो ते बरेचसे चुकीचे असते.

पहिली चूक म्हणजे रम काळी असते हे गृहीतक. दुसरी, जितकी काळी तितकी जुनी. तिसरी, रम ‘गरम’ असते, थंडीत अंगात ऊब आणते. या तिन्ही समजुती आपल्याकडे इतक्या पक्क्या आहेत की हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीची पार्टी ठरली की बाटली कोणती हे विचारावेही लागत नाही. प्रत्यक्षात मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात. त्यामुळे ऊब जाणवते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. रंगाचे म्हणाल तर तो बहुतेक वेळा जळक्या साखरेचा, म्हणजे कॅरॅमलचा असतो. पिंपात वर्षानुवर्षे राहिलेली रम सोनेरी-तपकिरी होते, डांबरासारखी काळी होत नाही.

आता हिशेब. एक टन ऊस गाळला की साधारण एक क्विंटल साखर आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी मिळते. ही शेवटची, साखर काढून काढून उरलेली ‘सी हेवी’ मळी. तिच्यात अजूनही साखर असते, फक्त तिचे दाणे पाडणे परवडत नाही. या मळीपासून दहा लिटरच्या आसपास स्पिरिट निघते, आणि बाटलीच्या तीव्रतेला आणले तर सुमारे तीस बाटल्या रम. साखर न काढता सगळा रसच आंबवला तर त्याच एका टनातून सत्तर लिटरपर्यंत स्पिरिट येते, पण मग साखर शून्य. रम मळीची करायची की रसाची, हा प्रश्न त्यामुळे चवीइतकाच पैशांचाही आहे. जगातल्या रमचे दोन मोठे घराणे-भेद याच प्रश्नातून जन्मले.

मळीचे घराणे जुने. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर इंग्रजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांकडून ऊस पिकवला. साखर युरोपला जायची, मळी बेटावर पडून राहायची. उष्ण हवेत ती आपोआप आंबे. ती भट्टीत चढवली गेली आणि जे उतरले त्याला त्या काळात ‘किल-डेव्हिल’ म्हणत. रिचर्ड लिगन या इंग्रजाने १६५७मध्ये छापलेल्या बार्बाडोसच्या इतिहासात त्याचे वर्णन आहे. त्याच बेटावरच्या माउंट गे या डिस्टिलरीचा सर्वांत जुना दस्त १७०३चा आहे. ब्रिटिश नौदलाने रम खलाशांच्या रोजच्या शिध्यात घातली. १७४०मध्ये ॲडमिरल व्हर्ननने ती पाणी घालून देण्याचा हुकूम काढला, कारण नुसती घेऊन माणसे कामातून जात होती. हा रोजचा वाटा ३१ जुलै १९७०पर्यंत चालू होता. रमच्या प्रत्येक जुन्या बाटलीमागे गुलामांचे घामरक्त आहे, हे चवीच्या गप्पांत विसरू नये.

चवीत फरक कुठून पडतो? काय आंबवले, किती वेळ आंबवले, कशात ऊर्ध्वपातन केले आणि लाकडात किती काळ ठेवले, या चार गोष्टींतून. बाकी लेबल आणि जाहिरात. यातली दुसरी गोष्ट, आंबवण्याचा काळ, सर्वांत कमी चर्चेत असते. मला मात्र तीच सर्वांत रोचक वाटते, आणि ती समजून घ्यायची तर जमैकाला जावे लागते.

आपल्याकडच्या डिस्टिलरीत मळीत पाणी आणि यीस्ट घातले की दीड दिवसाच्या आत आंबवण उरकते. जितके लवकर, जितके स्वच्छ, तितका मद्यार्क जास्त. जमैकाच्या काही डिस्टिलऱ्या हेच काम एक-दोन आठवडे चालू ठेवतात. लाकडी हौद, हवेतले रानटी यीस्ट आणि जिवाणू, आणि वर घातलेला ‘डंडर’. डंडर म्हणजे मागच्या खेपेला भट्टीच्या तळाशी उरलेले आंबट, तपकिरी पाणी. महाराष्ट्रात याच पाण्याला स्पेंट वॉश म्हणतात, आणि कारखान्याशेजारच्या गावांना हा शब्द चांगला ठाऊक आहे. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. तो ओढ्यात गेला की मासे मरतात, विहिरीत झिरपला की पाणी तपकिरी होते. त्यापासून बायोगॅस करा, प्रेसमडमध्ये मिसळून खत करा, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळा, असे नियम त्यासाठीच आले.

जमैकाने या पाण्याचा एक भाग चवीसाठी राखून ठेवला. त्यातल्या आम्लांचा मद्यार्काशी संयोग होऊन एस्टर तयार होतात. पिकलेले केळे, अननस, कधी चक्क कातड्याचा किंवा रंगाच्या डब्याचा वास येतो तो या एस्टरचा. केळीच्या बागांत वाढलेल्या रावेर-यावलच्या माणसाला जमैकन रमचा पहिला वास ओळखीचा वाटावा, तो याचमुळे. अतिपिकल्या केळ्याला ज्या संयुगांमुळे गंध येतो, त्याच कुळातली संयुगे या रममध्ये असतात. जमैकात एस्टरची मोजणी दर हेक्टोलिटर शुद्ध मद्यार्कामागे ग्रॅममध्ये होते. साध्या रममध्ये काही दहाई, आणि हॅम्पडेनसारख्या डिस्टिलरीच्या सर्वांत उग्र प्रकारात १५०० ते १६००. १६००च्या वर जायला तिथे मनाई आहे. ही शेवटची रम नुसती पिण्यासाठी नसते. शेकडो लिटर साध्या रममध्ये थोडी घातली तरी सगळी सुगंधी होते.

भट्टीचा भेद थोडक्यात. तांब्याची हंडी, म्हणजे पॉट स्टिल, खेपेखेपेने चालते आणि कच्च्या मालाचा गंध मागे ठेवते. उंच खांबासारखी कॉलम स्टिल अखंड चालते आणि गंध पुसत नेते. आयर्लंडच्या इनिअस कॉफीने तिचे सुधारित रूप १८३०मध्ये पेटंट केले. जितके खण जास्त, तितके स्पिरिट शुद्ध आणि मुके.

या मुकेपणातूनच कॉकटेलची रम जन्मली. फाकुंदो बाकार्दीने १८६२मध्ये सांतियागो दे क्युबात डिस्टिलरी घेतली आणि हलकी, कोळशातून गाळलेली रम बनवली. तोपर्यंतची रम जड आणि उग्र होती. ही रम लिंबू-साखरेला जागा देई. त्याच परिसरातल्या दाइकिरी या लोखंडाच्या खाणीजवळ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्या नावाचे पेय रूढ झाले. रम, लिंबाचा रस, साखर, बर्फ, एवढेच. पुदिना आणि सोडा आला की मोहितो. पांढरी रम म्हणजे कोरी, पिंपात न ठेवलेली, असा समज आहे. क्युबन पद्धतीत ती बहुधा वर्ष-दोन वर्षे ओकच्या पिंपात राहते आणि नंतर कोळशाने तिचा रंग काढून टाकतात. लाकडाने आलेला गोडवा राहतो, रंग जातो. आपल्याकडच्या स्वस्त पांढऱ्या रममध्ये ही पायरी नसते, आणि म्हणून ती व्होडकासारखी लागते. कॉकटेल चांगले व्हायचे तर रम आणि लिंबू दोन्ही ताजेतवाने हवेत. खानदेशातले पातळ सालीचे कागदी लिंबू या कामाला बाटलीबंद रसापेक्षा शंभर पटीने चांगले.

जेवणानंतर हळूहळू घोट घ्यायची रम वेगळी. ती ना थंड करायची, ना कशात मिसळायची. बार्बाडोसची पॉट आणि कॉलमची मिसळ, गयानाची डेमेरारा, जमैकाची बारा वर्षांची. यातल्या गयानाशी आपला संबंध रमपेक्षा क्रिकेटमधून आला. १९७१च्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी पहिले कसोटी शतक ठोकले ते गयानातल्या जॉर्जटाऊनला, आणि मुलाचे नाव रोहन ठेवले ते रोहन कन्हायवरून. कन्हाय जन्मला पोर्ट मोरांटला. ते उसाच्या मळ्याचे गाव, आणि मळ्यांत राबणारे बरेचसे हिंदुस्थानातून करारावर गेलेल्यांचे वंशज. त्याच मळ्याच्या नावाची लाकडी भट्टी आजही गयानात चालू आहे. भट्टीचे अंग लाकडाचे, मान तांब्याची. तिच्यातून येणारी रम जड, ज्येष्ठमध आणि जुन्या लाकडाच्या वासाची. नौदलाच्या रमला जो दाटपणा होता, त्यात या मळ्यांचा मोठा वाटा होता. कन्हायचा पडता पडता मारलेला हुक आपल्या वडीलधाऱ्यांनी रेडिओवर ऐकला. त्याच्या गावाची दुसरी ख्याती आपल्यापर्यंत कधी पोहोचली नाही.

करारावरच्या मजुरांची ही वाट मराठी घरांतूनही गेली होती. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४पासून संपली, आणि उसाला हात हवेच होते. मॉरिशसला १८३४पासून हिंदुस्थानी मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे होती. पोर्ट लुईला ज्या पायऱ्यांवर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६मध्ये जागतिक वारसा यादीत आला. त्यांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात, शाळेत मराठी शिकतात आणि गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या पणजोबांनी तोडलेल्या उसाच्या बेटावर आज रसाची रम बनते. शामारेलची डिस्टिलरी २००८मध्ये सुरू झाली, आणि नैर्ऋत्येच्या ज्या डोंगराळ भागात ती आहे, त्याच बाजूला मराठी वस्ती जुनी आहे. हा योगायोग मला हलवून गेला. रमच्या इतिहासात मराठी माणूस आहे, पण कोयता हातात घेऊन. लेबलावर तो कुठेच नाही.

रसाच्या घराण्याचे मूळ पीठ मार्टिनिक, हे फ्रेंच बेट. एकोणिसाव्या शतकात युरोपात बीटची साखर आली, उसाच्या साखरेचा भाव पडला आणि मळेवाल्यांनी साखर न काढता रसच आंबवायला घेतला. १९९६मध्ये फ्रान्सने त्याला वाइनसारखा मूळस्थानाचा दर्जा दिला. कोणत्या हद्दीतला ऊस, रसात साखर किमान किती, भट्टीतून उतरताना तीव्रता किती, सगळे कायद्याने ठरलेले. तीन वर्षे लाकडात राहिली तरच ‘व्ह्यू’, म्हणजे जुनी, म्हणता येते. अशा रमचा वास नव्या पाचटाचा, कापलेल्या हिरव्या टिपराचा असतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस ओतताना जो वास उठतो, तो ज्याच्या नाकात आहे त्याला ही रम समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या बाटलीकडे येऊ. एडवर्ड डायरने १८५०च्या दशकात कसौलीला बिअर-मद्याचा कारखाना काढला. जालियनवाला बागेचा जनरल डायर हा त्याचा मुलगा. स्वातंत्र्यानंतर, १९४९मध्ये तो कारखाना नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला, आणि १९५४मध्ये ओल्ड मंक बाजारात आली. सात वर्षे मुरवलेली, व्हॅनिलाच्या वासाची, काळपट. पुढे कंपनी सांभाळणारे कपिल मोहन २०१८च्या जानेवारीत वारले. मोठी जाहिरात न करता ही बाटली देशभर गेली. फौजेच्या कॅन्टीनमधून सुट्टीवर येणाऱ्या जवानाच्या ट्रंकेतून रम खानदेशातल्या खेड्यांत पोहोचली, आणि म्हणूनच आपल्या मनात रमची प्रतिमा फौजी आहे, कॅरिबियन नाही.

आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का, हे मला फार वर्षे कोडे होते. जुन्या ब्रिटिश मोजणीत ५७.१५ टक्के मद्यार्क म्हणजे ‘प्रूफ’. त्याच्या पाऊणपट घेतले की ४२.८ येते. साहेब गेला, नौदलाचा वाटा संपला, आकडा राहिला.

खरी अडचण आकड्याची नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त रममध्ये मूळ द्रव असतो तो मळीपासून काढलेला, वासरहित केलेला ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. त्यात रंग आणि सुगंध मिसळतात. हाच ईएनए वेगळ्या रंगात व्हिस्की म्हणून, आणखी वेगळ्या रंगात ब्रँडी म्हणून विकता येतो. मळीत जे होते ते आपण आधी खर्च करून काढून टाकतो आणि मग बाटलीतल्या सुगंधाने परत आणू पाहतो. उसाच्या देशात उसाची चव नसलेली रम पिकावी, हे मला लाजिरवाणे वाटते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत थोडा बदल दिसतो. बंगळुरूच्या अमृतने भारतीय गुळाच्या रममध्ये जमैका, बार्बाडोस आणि गयानाची रम मिसळून ‘टू इंडीज’ काढली. गोव्यात २०२१मध्ये ‘माका झाय’ आली. हरयाणातल्या इंद्रीच्या पिकॅडिलीने २०२२मध्ये उसाच्या रसापासूनची, बारा वर्षे मुरवलेली ‘कामिकारा’ बाजारात आणली. ही कंपनी साखर कारखान्यातून वाढलेली आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी ध्यानात घ्यावी.

मुरवण्याच्या बाबतीत खानदेशाचे हवामान काय करील, याचा मी बराच विचार केला. ओकच्या पिंपातून दरवर्षी काही मद्य हवेत उडते. स्कॉटलंडच्या थंडीत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. बंगळुरूत दहा-बारा टक्के सांगतात. दोनशे लिटरचे पिंप दोन टक्क्यांनी आटले तर सात वर्षांनी १७४ लिटर उरते, दहा टक्क्यांनी आटले तर ९६. मे महिन्यात मुक्ताईनगर-भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो, तिथे हिशेब याहून कडक असणार. पण त्याच उष्णतेने लाकडातला रस वेगाने उतरतो, चार वर्षांत थंड देशातल्या दहा वर्षांचा रंग चढतो. आणखी एक भेद आहे. गोव्याच्या दमट हवेत पिंपातून मद्यार्क जास्त उडतो आणि रम सौम्य होत जाते. कोरड्या हवेत पाणी जास्त उडते, रम आटते पण तीव्र होते. म्हणजे एकच रम मडगावात आणि मुक्ताईनगरात ठेवली तर दोन वेगळ्या चवी तयार होतील. असा प्रयोग कोणी करावा, असे फार वाटते.

बाटली निवडणाऱ्याने लेबलावरचा आकडा नीट वाचावा. ‘१२ वर्षे’ असे स्पष्ट लिहिले असेल तर चांगल्या प्रथेप्रमाणे त्यातला सर्वांत तरुण थेंब बारा वर्षांचा असतो. नुसता ‘२३’ असा मोठा आकडा आणि शेजारी ‘सोलेरा’ असेल तर ते वय नव्हे, त्यात तरुण रमही मिसळलेली असते. लॅटिन अमेरिकेतल्या काही महाग रममध्ये वरून साखर घातलेली असते. जमैका आणि बार्बाडोसमध्ये अशी साखर चालत नाही. जिभेवर पाकासारखा जाड गोडवा राहिला तर तो बहुधा लाकडाचा नसतो. आणि महाराष्ट्रात कायद्याने रमसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण झालेली हवीत, परवानाही हवा. १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे.

हातभट्टीचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होत नाही. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा आणि नळी. तत्त्व जमैकाच्या हंडीचेच, पण तिथला भट्टीवाला पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढतो आणि मधलीच ठेवतो. इथे सगळेच बाटलीत जाते. आणि जीव जातात ते बहुतेक वेळा त्याहून वाईट कारणाने, तीव्रता वाढवायला मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे अशीच गेली. बहुतेक मजूर होती.

मळीला आता मोठे गिऱ्हाईक मिळाले आहे ते पेट्रोलचे. इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट वीस टक्क्यांवर गेले, तशी मळीची आणि रसाची किंमत चढली. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले आणि कारखान्यांची धावपळ उडाली. पुढे निर्बंध सैल झाले. अशा हेलकाव्यात कोणता कारखानदार काही टन मळी बाजूला काढून आठवडाभर आंबवत ठेवील आणि पिंपात चार वर्षे पैसे अडकवील? टँकर भरला की हिशेब त्याच महिन्यात मिटतो.

तरी मला हे अशक्य वाटत नाही. त्याला मोठा कारखाना लागत नाही. एक तांब्याची हंडी, एका गुऱ्हाळाची काकवी किंवा रासायनिक गंधक न वापरलेला गूळ, एक नियंत्रित परवाना आणि पिंपे. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला कायद्याने दरवेळी नवीन पिंप लागते, म्हणून तिथली एकदा वापरलेली दोनशे लिटरची पिंपे जगभर विकली जातात. नाशिकने गेल्या काही दशकांत द्राक्षाचे हे करून दाखवले: शेतकऱ्याच्या बागेचे नाव बाटलीवर आले, आणि लोक गावात येऊन चव घेऊ लागले. उसाला तो मान अजून मिळालेला नाही. बाटलीवर कारखान्याचे नाव, कंपनीचे नाव, वैधानिक इशारा, सगळे असते. ऊस कोणत्या तालुक्यातला, कोणत्या हंगामातला, मळीचा की रसाचा, किती तास आंबवला, हे लिहायला लागतात फक्त दोन ओळी.